भैय्या चौकातलं घर

मे महिना संपत आला की आमच्या तोंडवलीत बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सरपण आत घ्यायचं, कौलं परतून घ्यायची, मिरच्या-मसाला, सुकी मासळी डब्यांत भरायची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये आमची वाळूची चिंचोळी पट्टी, त्यामुळे पाऊस लागला की पुढचे चार महिने घरातलं घरात भागवायचं हा शिरस्ता. यंदा मात्र ह्या सगळ्या धांदलीत आमच्या घरात आणखी एक विषय शिजत होता.

माझ्या लेकीने बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केलं. तिने मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा फॉर्म भरला होता हे मला माहीत होतं. पण लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीचं बोलावणं येईल असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर येऊ नये असंच वाटत होतं! बोलावणं आलं, आणि आमच्या सासूबाईंनी हातातला आमसुलांचा सूप खाली ठेवला.

"चेडवाक लढाईवर धाडतलंस? तुझा काळीज काय दगडाचा आसा?"

आता ह्याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, "आये, लढाईवर नाही गो, हॉस्पिटलात." पण माझाच आवाज मला पोकळ वाटला. कारण मी स्वतः तीस वर्षं नर्सबाई होते. उपकेंद्रातली साधी सिस्टर. जखम कुठेही झालेली असो, तिच्याजवळ कुणीतरी आधी पोहोचावं लागतं, हे मला पुस्तकातून नव्हे, अनुभवातून ठाऊक आहे.

एक रात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. दसऱ्याच्या सुमारास, मासेमारीचे दिवस. होडीच्या मशिनीचा पंखा लागून एका पोराची पोटरी फाटली होती. माणसं मला उठवायला आली तेव्हा अंगणात रक्ताचा माग लागलेला. रस्त्याने मालवणला जायचं तर आचऱ्याकडून वळसा घालायचा, आणि तेव्हा दारात गाडी असलेलं घर जवळपास नव्हतं. शेवटी होडीनेच खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. मी स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर दाबून धरली आणि पलीकडे पोहोचेपर्यंत हात काढला नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं ते एवढंच, दाब सोडायचा नाही. उचलून उचलून बघायचं नाही. होडीत अंधार, पोरगा बडबडतोय, त्याचा भाऊ रडतोय, आणि माझ्या हातांना मुंग्या आल्यात. पोरगा वाचला. आता त्याचीच पोरं कॉलेजात जातात. वाटेत दिसला की हसतो, कधी कधी पापलेटं आणून देतो. मी काही शौर्यबिर्य केलं असं मला कधी वाटलं नाही. पण ती गोष्ट माझी लेक लहानपणापासून शंभर वेळा ऐकत आली होती, आणि ह्या मिलिटरीच्या वेडाचं मूळ तिथेच असावं असा मला दाट संशय आहे. म्हणजे दोष द्यायचा तर मलाच!

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी सोलापूरला जायचं होतं. निघताना लेक म्हणाली, "आई, सोलापूरला चाललीयस तर कोटणीसांचं घर बघून ये. मग आपण बोलू."

डॉ. कोटणीस हे नाव आपल्या पिढीला तसं नवं नाही. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा १९४६ सालचा चित्रपट आमच्या आईने थिएटरात पाहिला होता, आणि मी नंतर दूरदर्शनवर. त्यात शांतारामबापू स्वतः डॉक्टर झाले होते आणि जयश्रीबाई त्यांच्या चिनी पत्नी. माझ्या लक्षात राहिली होती ती फक्त जयश्रीबाईंची केशरचना. बाकी डॉक्टर चीनला गेले, तिथेच वारले, एवढंच.

साखरपुडा आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला म्हटलं, चल. तिला कंटाळा आला होता, "आमच्याच गावातलं, मी कधी गेले नाही, तू कुठे ऊन खात जातेस," म्हणाली. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते आम्हा कोकणातल्या माणसांनी बोलूच नये. शेवटी मी एकटीच रिक्षा केली. रिक्षावाल्याला 'स्मारक' म्हटलं तर तो विचारात पडला, 'भैय्या चौक' म्हटलं तेव्हा गाडी सुरू झाली.

वाहत्या चौकातलं ते घर. कोटणीस कुटुंबाचं राहतं घर महापालिकेने जपून त्याचं स्मारक केलं आणि २०१२ च्या जानेवारीत ते लोकांसाठी उघडलं. मी गेले तेव्हा दोन कॉलेजच्या मुली होत्या आणि मी. बाहेर हॉर्नचा कलकलाट आणि आत भिंतीवर काळेपांढरे फोटो. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. फोटोत एक हसऱ्या चेहऱ्याचा, सडपातळ तरुण. आपल्या ओळखीतला कुणीही असावा असा.

ह्या माणसाचं वय आधी नीट ध्यानात घ्यायला हवं. सोलापुरात १९३० साली इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला तेव्हा तो विशीत होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन ह्या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. अशा गावात वाढलेला मुलगा मुंबईला जी. एस. मेडिकलमध्ये शिकला, १९३६ साली डॉक्टर झाला. पुढचं शिक्षण घ्यायची तयारी चालली होती. आपल्या घरातला मुलगा डॉक्टर झाला की आपण काय करतो? दवाखान्याची जागा बघतो आणि मुली बघतो!

तिकडे १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठी चढाई केली. जखमींना बघायला डॉक्टर नाहीत म्हणून चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी लोकांना आवाहन केलं. आपण स्वतः पारतंत्र्यात, पण लोकांनी पैसे दिले, बावीस हजार रुपये जमले, एक अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाचांत दोन महाराष्ट्रातले, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून बोट सुटली. कोटणीस सत्तावीस वर्षांचे होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि हे काही कायमचं जाणं नव्हतं. काही काळ काम करायचं आणि परत यायचं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ही मंडळी येनानला पोहोचली. माओंनी आणि चू तेह यांनी त्यांचं स्वागत केलं. त्याआधी चीनमध्येच असताना इकडे वडील गेल्याची बातमी कोटणीसांना मिळाली होती. ते घरी परतले नाहीत.

ह्या वाक्यापाशी मी जरा थांबले. वडील गेल्यावर मोठा शिकलेला मुलगा घरी येत नाही, म्हणजे आपल्याकडे काय बोललं जातं ते आपण जाणतो. कौतुक फार पुढे होतं, स्मारक त्याच्याही पुढे. आधी शेजारीपाजारी बोलतात.

पुढे पाचांतले एकेक जण परतले. कुणाची प्रकृती साथ देईना, कुणाची मुदत संपली. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, त्यांनीही तिथे राबून दाखवलं होतं. डॉ. बसू सर्वांत शेवटी, १९४३ साली आले. कोटणीस आलेच नाहीत.

ते गेले उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, वुताई पर्वताच्या बाजूला. तिथे लढाई गनिमी काव्याची. म्हणजे आज इथे चकमक, उद्या दहा कोसांवर. पक्क्या इमारतीचं हॉस्पिटल कुठलं आणि विजेचे दिवे कुठले! खेड्यातल्या घरांत जखमी ठेवायचे, ऑपरेशनचं सामान खेचरांवर लादून न्यायचं, शत्रू जवळ आला की सगळा पसारा उचलून पुढच्या गावात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तिथे एक गोष्ट रुजवली होती. जखमी डॉक्टरकडे येईपर्यंत वाट बघायची नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचं. स्ट्रेचरवरून डोंगर उतरून माणूस दोन दिवसांनी डॉक्टरपाशी पोहोचला तर तोवर रक्त गेलेलं असतं, नाहीतर जखम चिघळलेली असते. आमच्या खाडीवर मी जे एका रात्री शिकले, ते त्या लोकांनी रोजचं काम म्हणून केलं. बेथ्यून यांनी पकडलेल्या जपानी जखमींवरसुद्धा उपचार केले. आणि ते स्वतः गेले कशाने? ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या एका लहानशा जखमेने. रक्तात विष भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला त्यांचा अंत झाला. पेनिसिलिन अजून कुठे मिळतच नव्हतं. आज आपण हातात ग्लोव्हज चढवतो आणि विसरून जातो. मला तर ते वाचताना माझीच बोटं तपासाविशी वाटली.

बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. पण त्याआधी, १९४० च्या मोठ्या लढाईत, तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या पथकाकडे आले. ह्याच काळातलं सांगतात की सलग तीन दिवस आणि तीन रात्री ते टेबलापाशी उभे होते. बहात्तर तास! ज्यांनी प्रसूतीच्या केसमध्ये एक अख्खी रात्र जागून काढलीय त्यांनाच हा आकडा कळेल. पाय सुजतात, कंबर धरते, डोळ्यांपुढे सुईचं नाक दोन दोन दिसतं. अशा वेळी हात थरथरू न देणं ह्याला मी शौर्य म्हणेन. गोळ्या चालू असताना धावत जाऊन कुणाला उचलून आणणं हे तर शौर्य आहेच, ते दिसतं, त्याला पदक मिळतं. पण सत्तराव्या तासाला आलेल्या जखमीला पहिल्या तासाच्या जखमीइतकंच नीट शिवणं, हे कुणाला दिसतं? ज्याला शिवलं तोसुद्धा बेशुद्धच असतो.

शिवाय ते शिकवत होते. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की वर्ग घ्यायचे. शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं, दुसरं लिहायला घेतलं. चीनमध्ये त्यांना 'के दिहुआ' ह्या नावाने ओळखतात. त्यातला 'हुआ' म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी हे अक्षर लावून घेतलं होतं.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती सांगते. बेथ्यून यांच्या समाधीचं उद्घाटन १९४० साली झालं. त्या कार्यक्रमाला कोटणीस आले होते आणि तिथेच एक तरुण परिचारिका आली होती, गुओ छिंगलान. त्यांची पहिली भेट ती. म्हणजे युद्धात जखमींची सेवा करता करता गेलेल्या एका डॉक्टरच्या स्मारकापाशी ही दोन माणसं एकमेकांना भेटली! गुओबाई बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायच्या. म्हणजे माझ्याच जातीच्या, असं मला वाटून गेलं. १९४१ च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

तोवर डॉक्टरांना फिट्स येऊ लागल्या होत्या. विश्रांती घ्या, बाहेर जाऊन उपचार करून या, असं वरिष्ठ सांगत होते. त्यांनी काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, बत्तिसाव्या वर्षी. बाळ चार महिन्यांचंसुद्धा झालं नव्हतं. गुओबाई सव्वीस वर्षांच्या.

माओंनी शोकसंदेश पाठवला, सैन्याने मदतीचा हात आणि देशाने मित्र गमावला अशा अर्थाचा. पुढे शिज्याच्वांग शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यून आहेत तिथेच, कोटणीसांची समाधी आणि पुतळा उभा राहिला. थांग परगण्यात तर दोघा डॉक्टरांचं मिळून एक स्मारक आहे. चीनमध्ये पितरांची आठवण काढायचा एक दिवस एप्रिलच्या सुरुवातीला असतो, तेव्हा लोक तिथे फुलं वाहतात. शिज्याच्वांगमध्ये त्यांच्या नावाचं एक वैद्यकीय विद्यालय आहे. तिथे नव्याने दाखल होणारी मुलं-मुली कोटणीसांच्या पुतळ्यापुढे उभं राहून शपथ घेतात, अशी बातमी २०२० साली आली होती. आपल्याकडे नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची शपथ घेतात, माझ्या लेकीनेही घेतली. तिकडे लांब चीनमध्ये कुणाच्या तरी लेकी सोलापूरच्या मुलापुढे उभ्या राहून तेच करतात. ह्या विचाराने मला तिथेच, त्या भिंतीपुढे, एकदम भरून आलं. त्या कॉलेजच्या मुलींनी वळून बघितलं आणि सभ्यपणे पुन्हा फोटोंकडे तोंड केलं.

डॉक्टरांची आठवण दगडात कोरली गेली. मागे राहिलेल्यांचं काय? यिनहुआ मोठा झाला, वडिलांसारखाच वैद्यकशास्त्र शिकायला लागला, आणि १९६७ साली, पंचविशीच्या आसपास, तोही गेला. शिकून पुरता डॉक्टर व्हायच्या आधीच. गुओबाई मात्र दीर्घायुषी झाल्या. नवऱ्याच्या देशात त्या अनेकदा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना धरून राहिल्या, आठवणी लिहून ठेवल्या. २८ जून २०१२ ला दालियन शहरात त्यांनी डोळे मिटले तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. सोलापूरच्या घराचं स्मारक त्याच वर्षीच्या जानेवारीत खुलं झालं होतं. नवरा गेल्यानंतर सत्तर वर्षं! दोन वर्षांची ओळख, वर्षाचा संसार, आणि सत्तर वर्षांची आठवण. मी मनातल्या मनात हा हिशेब दोनदा केला, कारण मला तो खरा वाटेना.

परतीच्या प्रवासात सोलापूर-कोल्हापूर एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. कुठे जाऊन आलात विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, "तो चीनसाठी मेला ना? काय उपयोग? बासष्टला काय केलं त्यांनी आपल्याबरोबर? गलवानला काय केलं?" मला काही सुचलं नाही. मंगळवेढा मागे पडलं तरी उत्तर सुचेना. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येईना, कारण गलवानमध्ये २०२० साली ज्यांची मुलं गेली त्यांच्यापुढे उभं राहून मी हे भाषण करू शकणार नाही. पण १९३८ साली बोटीत चढलेल्या मुलाला १९६२ कसं दिसणार? त्याला दिसत होते ते जखमी. आणि जखमीच्या पोटरीवर देशाचं नाव लिहिलेलं नसतं, रक्त तेवढं वाहत असतं. हे उत्तर मला कोल्हापूर आल्यावर सुचलं. गृहस्थ तर सांगोल्याला उतरून गेले होते. माझं नेहमीचंच!

घरी पोहोचले तर सासूबाई पडवीत बसलेल्या. पाय धुवायलासुद्धा उसंत न देता विचारलं, "बघलंस ता घर?"

"बघितलं गे आये."

"खयचो तो डॉक्टर?"

"सोलापूरचो. चीनाक गेल्लो. लढाईत जखमी झालेल्यांची सेवा करूक."

"परत इलो मा?"

"नाय इलो."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "मगे त्येच्या आवशीचा काय झाला?"

मैत्रिणींनो, त्या घरात तासभर फिरताना मी तारखा टिपल्या, लढायांची नावं टिपली, आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. मी, एका मुलीची आई! अक्षरओळख नसलेल्या माझ्या सासूबाईंनी तो पहिल्या झटक्याला विचारला. आवशीचं मी काय सांगणार? मी त्यांना बहिणीचं सांगितलं. डॉक्टरांच्या बहीण मनोरमाबाई. भाऊ बोटीत बसला तेव्हा त्या कोवळ्या वयाच्या होत्या. पुढे नव्वदी ओलांडली तरी भावाची आठवण सांगत राहिल्या. चीनचा कुणी मोठा पाहुणा भारतात आला की ह्या कुटुंबाला भेटायचाच. २०१३ साली चीनचे पंतप्रधान ली केछियांग मुंबईत आले तेव्हा ते मनोरमाबाईंना आवर्जून भेटले.

"म्हणजे भैणीन सांभाळल्यान," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"भावाचा नाव."

आणि त्या उठून आत गेल्या, दिवाबत्तीची वेळ झाली होती.

रात्री जेवणं झाल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. 'मग आपण बोलू' म्हणाली होती, पण बोलायला सुरुवात कुणीच करेना. शेवटी तिने मला विचारलं, "आई, त्या पोराच्या पायावर हात दाबून बसलीस तेव्हा तुला भीती वाटली होती?" हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. गोष्ट शंभर वेळा ऐकली, पण हा प्रश्न नाही. मी खरं ते सांगितलं. वाटली होती. होडी उलटेल ह्याची वाटली, पोरगा माझ्या हातात जाईल ह्याची वाटली, आणि सगळ्यांत जास्त भीती घरात झोपलेल्या तुझी वाटली, तू तेव्हा दीड वर्षाची होतीस आणि अंगात ताप होता. तुला सासूबाईंजवळ टाकून मी निघाले होते.

लेक गप्प. आत सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज झाला. म्हणजे जाग्या होत्या.

मी तिला म्हटलं, फौजेत डॉक्टर असतात, नर्सिंग असिस्टंट असतात, ते पलटणीबरोबर अगदी पुढे जातात. तुम्ही सिस्टर लोक हॉस्पिटलात. पण पुढून येणारा तुमच्याकडेच येणार. तो वीस वर्षांचा असेल, आणि पाय नसेल त्याला. तेव्हा हात सोडून चालणार नाही. ती म्हणाली, "माहितीय." तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. १८८८ साली इंग्रजांच्या फौजेसाठी पहिल्या दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथून ह्या मिलिटरी नर्सिंगची सुरुवात झाली. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच मुंबईहून कोटणीसांची बोट सुटली. मुलाखतीसाठी पाठ करतेय वाटतं सगळं!

आमचे हे एवढा वेळ जाळं विणत बसले होते. माणूस मुळातच कमी बोलणारा. मान वर न करता म्हणाले, "रिझर्वेशन कधीचं बघू?"

सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही. रोज सकाळी एकदा तरी म्हणतात, हंयच मालवणाक कायतरी बघ गो, माणसां हंयपण आजारी पडतत. त्यांचंही काही खोटं नाही. उपकेंद्रात मी होते तेव्हाही माणूस कमी पडायचं, आजही पडतं. लेक त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्या गुडघ्याला तेल लावते आणि ऐकून घेते. परवा मात्र सासूबाई तिला म्हणाल्या, "गेलंस तर पत्र घाल. त्या डॉक्टरासारख्या करू नको." लेक हसली, "आजी, आता पत्र कोण घालतं? व्हिडिओवर तोंड दिसतं." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तोंड दिसला तरी पत्र घाल. तोंड रवणा नाय, पत्र रवता."

मुलाखत दिल्लीला आहे, पुढच्या महिन्यात, ऐन पावसात. कणकवलीहून दोन तिकिटं काढलीयत, एक तिचं आणि एक माझं. परतीचीही दोन. काल पेटी आवरताना सासूबाईंनी आमसुलांची एक पुडी गुपचूप तिच्या कपड्यांत ठेवलेली मला दिसली. मी ती तशीच राहू दिली आणि वरून साडीची घडी घातली.